धडा तिसरा, माझं कुटुंब

रंजिताच्या शाळेत जर्मन भाषा आली ती काही जर्मनीहून आली नाही, ती समोरच्या शाळेच्या ईर्ष्येने आली. बऱ्हाणपुरातल्या त्या शाळेने फ्रेंच सुरू केल्याची पाटी लावली आणि हिच्या शाळेच्या संचालकांना चैन पडेना. पंधरा दिवसांत यांच्याही फाटकावर पाटी झळकली, 'यहाँ जर्मन भाषा सिखाई जाती है.' पाठोपाठ पुस्तकं आली, वेळापत्रकात तास आला. शिकवणार कोण, एवढाच प्रश्न मागे उरला होता.

तो अनंत सरांच्या गळ्यात पडला. सर संस्कृत शिकवायचे. संस्कृतच्या माणसाला जर्मन का, असं तुम्ही विचाराल, तर संचालकांचं म्हणणं असं की जर्मन लोकांना संस्कृतचं फार वेड असतं, मग उलटं चालायला काय हरकत आहे? सरांना दहा दिवसांच्या ट्रेनिंगला भोपाळला धाडलं. त्यातला एक दिवस उद्घाटनात गेला, एक समारोपात आणि एक रविवारात. सर परत आले आणि त्यांना जे करता येत होतं तेच त्यांनी केलं. त्यांनी सगळं पुस्तक मुलांकडून पाठ करून घेतलं.

सरांना नावं ठेवावीत असं मलाही एकेकदा वाटतं, पण ते मनापासून शिकवत, त्याला काय करणार? गीतेचे अध्याय ज्या चालीवर म्हणवून घेत त्याच चालीवर ते जर्मन म्हणवून घेत. आधी सर, मागून वर्ग. 'माइन फाटर इस्ट इंजेनिऑर, माइने मुटर इस्ट एर्त्स्टिन.' माझे वडील इंजिनिअर आहेत, माझी आई डॉक्टर आहे. धडा तिसरा, माझं कुटुंब. पुस्तकातली मुलगी म्युनिकला राहायची, तिच्या कुत्र्याचं नाव बेलो होतं आणि सुट्टीत ती सगळी मंडळी बर्फावरून घसरायला जात. दरवर्षी परीक्षेत एक प्रश्न ठरलेला, आपल्या कुटुंबाची माहिती लिहा. वर्गात मुलं एकतीस, उत्तरं एकतीस आणि एकतिसांच्याही आया डॉक्टर. पेपर सरच तपासत, त्यामुळे नव्वदच्या खाली कोणी उतरत नसे.

रंजिताला अठ्ठ्याण्णव पडत. ती जवळच्या जसोंडी गावची, उखर्डू आणि मथुराबाईची एकुलती एक पोर. घरची तीन एकर केळी होती आणि मथुराबाईचा दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत त्या बागेतच जायचा. कापणीच्या दिवसांत ती डोक्यावर चुंबळ ठेवून बांधापर्यंत घड वाहायची. केळीचा चीक एकदा लागला की सुटत नाही. तिच्या नखांत आणि बोटांच्या पेरांत तो काळा होऊन बसला होता. संध्याकाळी ती भाकरी थापायची आणि रंजिता ओट्यावर येरझाऱ्या घालत धडे म्हणायची. ऐकून ऐकून मथुराबाईला त्यातला एक शब्द कळायला लागला होता, मुटर म्हणजे माय. तो आला की ती चुलीपाशी बसल्या बसल्या हसायची.

नववीत असताना रंजिताने वर्गात एकदा हात वर केला होता. "सर, केळीच्या बागेला जर्मनमध्ये काय म्हणतात?"

सरांनी पुस्तकाच्या मागची शब्दांची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. "यात नाहीये," ते म्हणाले. "आणि परीक्षेत येत पण नाही, बेटा. आहे तेवढं पक्कं कर."

रंजिता सांगितलेलं ऐकणारी मुलगी होती. तिने आहे तेवढं पक्कं केलं. पुन्हा काही तिने विचारलं नाही.

बारावीच्या वर्षी शाळेत इंदूरच्या एका नर्सिंग संस्थेचं पत्र आलं. ठिकठिकाणच्या शाळांत जर्मन घेतलेल्या काही मुलींना त्यांच्याकडे जागा होती. शिकणं, राहणं, जेवणखाण सगळं संस्थेचं आणि शिकून झालं की जर्मनीतल्या हॉस्पिटलात नोकरी. निवड एका तोंडी परीक्षेवर. पत्र वाचून दाखवताना अनंत सरांचा आवाज भरून आला होता. वाचून झाल्यावर त्यांनी आधी रंजिताकडे पाहिलं.

रंजिताला ती जागा हवी होती. आयुष्यात कुठलीच गोष्ट तिला इतकी हवी झाली नव्हती. जागा मिळाली नाही तर पुढे काय, तेही तिला माहीत होतं. खकनारचं एक स्थळ उन्हाळ्यात घरी येऊन बसणार होतं. मुलगा वाईट नव्हता, माणसं बरी होती, त्यांचीसुद्धा केळीचीच बाग होती. तिला केळीचा राग नव्हता. एकदा तरी दुसरं काहीतरी बघावं, एवढंच तिचं म्हणणं होतं आणि ते तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. दोन महिने ती उठता बसता पुस्तक म्हणत राहिली. सगळे बारा धडे तिला न अडखळता येऊ लागले.

परीक्षा शाळेतच झाली. संमतीच्या कागदावर पालकाची सही लागत होती म्हणून मथुराबाई ठेवणीतलं लुगडं नेसून सोबत आली. परीक्षा घ्यायला इंदूरहून तेजस्विनी मॅडम आल्या होत्या. पाच वर्षं जर्मनीत राहून आलेल्या, वयाने तिशीच्या आतबाहेर. मथुराबाईने कागद पुढे ओढला आणि एकेक अक्षर जोडत सही केली. मॅडम तिच्या बोटांकडे बघत होत्या. सही झाल्यावर त्यांनी तिला नमस्कार केला. मथुराबाई लाजून बाहेर गेली आणि खिडकीखालच्या बाकावर बसली.

मॅडमनी जर्मनमध्ये नाव विचारलं. रंजिताने सांगितलं. मग त्यांनी दुसरं काहीतरी विचारलं. ते सरांसारखं सावकाश, चालीवर नव्हतं, भराभर होतं. त्यात रंजिताला 'मुटर' तेवढं ऐकू आलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. तिसरा धडा. तिने हात मागे बांधले आणि खणखणीत आवाजात सुरू केलं. वडील इंजिनिअर, आई डॉक्टर, म्युनिकचं घर, बेलो कुत्रा. मॅडमनी मध्येच काहीतरी विचारलं. रंजिता थांबली. धडा कुठे तुटला तेच तिला कळेना, म्हणून पाठांतरवाली मुलं जे करतात तेच तिने केलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. वडील इंजिनिअर, आई डॉक्टर.

मॅडमनी हात वर केला. मग त्या हळू आवाजात हिंदीत बोलल्या. "रंजिता, बाहर जो बैठी हैं, वो तुम्हारी माँ हैं न?"

"जी."

"डॉक्टर हैं?"

रंजिताला कानापर्यंत गरम झालं. आपण चार वर्षं काय म्हणत आलो ते तिला त्या क्षणी पहिल्यांदा ऐकू आलं. अर्थ तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. पण तो पुस्तकातल्या मुलीच्या आईचा होता, त्यात आपली माय कधी आली हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"नहीं मॅडम. केले के बाग में काम करती हैं."

"तो वही बताओ. टूटा-फूटा चलेगा. मुझे बस एक वाक्य चाहिए, तुम्हारे मन का."

मॅडम खरंच थांबल्या. त्यांनी घड्याळाकडेसुद्धा पाहिलं नाही. रंजिताने बाराही धडे मनात उलथेपालथे केले. त्यात विमानतळ होता, वाढदिवसाचा केक होता, बर्फावर घसरायच्या फळ्या होत्या. घड नव्हता, चुंबळ नव्हती, चीक नव्हता. खिडकीतून तिला मायच्या डोक्यावरचा पदर दिसत होता. तिला मायबद्दल केवढंतरी सांगायचं होतं आणि तिच्याजवळ एक शब्द नव्हता.

"केले को 'बनाने' कहते हैं," मॅडम शेवटी म्हणाल्या. "इंग्लिश जैसा ही है."

शब्द इतका ओळखीचा निघाला की रंजिताला रडू आलं. ते तिने गिळलं. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "याददाश्त बहुत अच्छी है तुम्हारी." त्या चांगल्या मनाने म्हणाल्या, पण त्याहून वाईट बोलणं रंजिताने त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

व्हरांड्यात अनंत सर उभे होते. "काय विचारलं?"

"आई काय करते, ते."

सरांचा चेहरा एकदम उजळला. "तिसरा धडा. तुला तर तोंडपाठ आहे."

"हो सर."

"म्हटलास ना पूर्ण?"

"दोनदा म्हटला."

"मग झालं काम," सर म्हणाले आणि त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. त्यांना काही सांगावं असं रंजिताला वाटलंच नाही.

परतीच्या बसमध्ये मथुराबाईला सगळ्या गावाने ऐकावं असं वाटत होतं, पण ती लेकीच्या कानाशीच बोलली. "म्या आयकलं बरं बाहेरून. मुटर मुटर करत व्हती तू. दोनदा घेतलं माह्यं नाव."

"हो माय."

"त्या बाईले काय सांगितलं वं माह्याबद्दल?"

रंजिता खिडकीबाहेर बघत राहिली. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या. "तू दिवसभर बागेत राबते, ते सांगितलं," ती म्हणाली.

मथुराबाईने डोळ्याला पदर लावला.

यादी तीन आठवड्यांनी लागली. शाळेतल्या कोणाचंच नाव तीत नव्हतं. अनंत सरांनी ती दोनदा वाचली आणि इंदूरवाल्यांच्या माथी वशिल्याचं खापर फोडून मोकळे झाले. जूनपासून शाळेने जर्मन बंद केली, पाटी उतरवून तिथे कॉम्प्युटरची लावली. सर पुन्हा संस्कृतचे झाले. खकनारचे पाहुणे ठरल्याप्रमाणे आले, पोहे खाऊन गेले आणि दिवाळीनंतरची तारीख निघाली.

आता रंजिता बागेत जाते. एका दुपारी घड वाहून झाल्यावर बायका बांधावर टेकल्या होत्या. मथुराबाई म्हणाली, "रंजे, म्हन ना ते. माह्याबद्दल म्हटलं व्हतं ते, जर्मनीचं."

"राहू दे ना माय."

"म्हन वं. हे मालूबाई खोटं समजते."

रंजिताने तिसऱ्या धड्यातलं आईचं वाक्य म्हटलं. सरांच्या चालीवरच म्हटलं, तिला दुसरी चाल येत नव्हती. मालूबाईने कपाळाला हात लावला. "देवाचं म्हटल्यावानी वाटते माय. अन याचा अर्थ काय?"

"माझी माय दिवसभर बागेत राबते," रंजिता म्हणाली. ते तिला आता न अडखळता येत होतं.

"बघ," मथुराबाई मालूबाईला म्हणाली. बाकीच्या उठून घडांकडे गेल्या तरी ती लेकीजवळ बसून राहिली. काळ्या पडलेल्या नखांनी बोटातला चीक खरवडत ती म्हणाली, "मले पाठ करून दे ते. दिवाळीनंतर तू चालली जाशीन. मंग मले कोन म्हनून दाखवीन?"

रंजिताने मायकडे पाहिलं. खरं सांगायला ती तोंड उघडणार होती. पण मथुराबाई मांडी घालून, पदर सावरून, वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी तिच्या तोंडाकडे बघत होती.

"माइने मुटर," रंजिता म्हणाली.

"माइने मुटर," मथुराबाई म्हणाली.

"इस्ट एर्त्स्टिन."

ते जमायला मथुराबाईला बराच वेळ लागला. आधी रंजिता, मागून माय, असं चाललं होतं.