जीवनची छाती

जीवनची छाती भरली आणि ज्याला त्याला तिचं कोण कौतुक! मामा बुधाजी म्हणाले, "पोट्टा आंगानं सुधरला बाप्पा. धंद्यात बरकत आली का आंगावर दिसतेच." शेजारच्या पोरांनी जिमचा पत्ता विचारला. जिमला गेलं होतं कोण! अमरावतीत फुलांच्या दुकानात दिवसभर झेंडूचे हार ओवणारा माणूस तो. त्याचा व्यायाम म्हणजे टोपली उचलायची आणि गिऱ्हाइकाशी वाद घालायचा.

छाती भरली होती ती गोळीनं. काही वर्षांपूर्वी जीवनला समोर कोणी नसताना माणसं बोललेली ऐकू यायची. येणारा-जाणारा आपल्यालाच हसतो असं वाटून त्यानं एकदा भल्या गिऱ्हाइकाच्या अंगावर फुलं भिजवायची बादली ओतली. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला, गोळी सुरू केली आणि गोळीनं कमाल केली. आवाज बंद, झोप चालू, दुकान चालू. इतकं गुणाचं औषध घरात आलं, तर त्याला नाव तरी खरं द्यावं की नाही? पण त्याच्या आईनं, बेबीताईनं, सगळ्या भाऊबंदांत सांगून टाकलं, "ताकदीची गोळी हाय." आता ताकदीच्या गोळीची तक्रार करायची कोणत्या तोंडानं?

तक्रार तर होती. छाती दुखायची. बनियनला ओला डाग पडायचा. एकदा दाबून पाहिलं तर दुधासारखा थेंब आला आणि जीवनच्या तोंडचं पाणीच पळालं. चांगला मिशीवाला माणूस, हे सांगणार कोणाला? डॉक्टर दर खेपेला विचारत, "काही त्रास?" जीवन तोंड उघडायच्या आत बेबीताई हजर. "काई नाई साहेब, एकदम मस्त हाय." तक्रार केली तर साहेब गोळी वाढवतील, अशी तिला धास्ती. पोराचा त्रास पोरापेक्षा आईलाच जास्त कळतो म्हटल्यावर पोरानं कशाला बोलायचं?

अशात लग्न ठरलं. मुलगी अकोल्याची, गीतांजली. रोज फोनवर बोलायची, खळखळून, मोकळी. जीवनचा पुरा जीव जडला तिच्यावर. आजाराचं तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. "लग्न झाल्यावर हळूहळू सांगू," असं बुधाजी मामांनी ठरवून दिलं. एकदा अक्षता पडल्या की फसवणुकीला फसवणूक म्हणत नाहीत, असा त्यांचा समज.

जीवनला मात्र भीती लग्नाची नव्हती, हळदीची होती. हळदीला नवरदेवानं उघड्या अंगानं पाटावर बसायचं आणि माम्या, मावश्या, भावजया, सगळ्या गल्लीनं छातीपाठीला हळद चोपडायची. वर मोबाईल चालू. आमच्या बायकांच्या तोंडाला लगाम कुठला! मग जीवननं आपल्या डोक्यानं इलाज काढला. हळदीपर्यंत गोळी बंद. रोज माय समोर असताना गोळी तोंडात घ्यायची, तिची पाठ वळली की न्हाणीत थुंकायची. डॉक्टरला न विचारता डॉक्टरकी करण्यात आमचा हात कोणी धरू नये. छाती काही उतरली नाही. आवाज तेवढे परतले, पत्रिका न पाठवता.

हळदीच्या दिवशी मांडवात डीजे दणदणत होता. लग्न अमरावतीतच, म्हणून अकोल्याची चार माणसं आदल्या दिवशीच येऊन बसलेली. जीवननं बनियन दोन्ही हातांनी धरून ठेवला. "काढ न बाप्पा, तू का नवरी हायेस?" म्हणत मामीनं तो ओढून काढला. मावशीनं एकवार पाहिलं, "आंग भरलं पोट्ट्याचं," म्हणाली आणि गालाला हळद लावायला लागली. झालं! ज्या घडीसाठी त्यानं आपलं डोकं पणाला लावलं, ती घडी अशी एका वाक्यात निघून गेली.

पण हसणं थांबेना. कुलरमधून माणसं हसत होती, मांडवाच्या कापडाआडून हसत होती. "पाहा, पाहा, बाई हाय." जीवननं आईचा हात गच्च धरला.

"माय, कोन हसून राहिलं?"

"कोनीच नाई रे."

"खरं सांग. म्या गोळी बंद केली, माय. मले भेव लागून राहिलं."

आपण हळूच बोललो असं त्याला वाटलं. डीजेवाल्यानं नेमकं तेव्हाच गाणं बदलायला घेतलं होतं. सगळ्या मांडवानं ऐकलं.

गीतांजलीची आत्या गोदाबाई पुढं आली. "कायची गोळी?"

"ताकदीची! ताकदीची हाय!" बुधाजी मामा धावले.

जीवननं आईकडे पाहिलं. तिनं नुसती मान डोलावली असती तरी लग्न वाचलं असतं, हे त्यालाही कळत होतं. बेबीताईनं हळदीचे हात पदराला पुसले.

"डोक्याची हाय," ती म्हणाली. "माह्या पोराले आवाज ऐकू येतात. गोळीनं थांबतात. म्या लपवलं. बोला, काय बोलाचं ते मले बोला."

गोदाबाई अकोल्याची माणसं घेऊन निघून गेली आणि हळद अंगावर तशीच, मायलेक ऑटोनं दवाखान्यात गेली. आणि या खेपेला जीवन स्वतः बोलला, छातीसकट सगळं. डॉक्टर म्हणाले, "या गोळीनं काही जणांच्या अंगात प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढतं. बाळंतिणीला दूध येतं ते त्याच्यामुळेच. रक्त तपासू आणि दुसरी गोळी देऊ. आधी का नाही सांगितलं?" घ्या! गोळी बदलता येत होती. ज्याच्यासाठी मांडव उठला, ते काम एवढंसं होतं. बेबीताई तिथंच बाकावर बसून कपाळ बडवत राहिली.

नव्या गोळीनं आवाज विरायला काही आठवडे गेले. मग एका दुपारी दुकानात गीतांजलीचा फोन आला.

"आजाराचं मले काई वाटलं नसतं जी," ती म्हणाली. "पन तुमी माह्याशी रोज बोलत होते. रोज. अन् हे नाई सांगितलं. मले नाई जमनार आता."

फोन बंद झाला. जीवन तसाच बसून राहिला, कान देऊन. आता कोणीतरी हसेल, काहीतरी बोलेल, म्हणून त्यानं वाट पाहिली. कोणी हसलं नाही, कोणी बोललं नाही. मग त्यानं हातातला अर्धा हार खाली ठेवला आणि दुकानात एकटाच पोटभर रडला.