होळीचा कौल

तुळसाला फिट आली की तिची जाऊ गोदा तिच्या नाकाशी महिपतची जुनी चप्पल धरायची. शुद्धीवर येताना नवऱ्याच्या पायांचा तो कुबट वास आधी भेटायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, हे बंद करा. पण ऐकेल ती गोदा कसली!

कालपरवाचं तुळसाला चोख आठवे. जुनं मात्र फिटांनी पुसून नेलेलं. स्वतःचं लग्नसुद्धा ती लोकांच्या तोंडून ऐकून होती. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि गेलेलं परत येईलच असं नाही, हेही सांगून टाकलं.

महिपतच्या हे चांगलंच पथ्यावर पडलं. चौऱ्याऐंशीच्या वैशाखात तो मुंबईहून आला तो आत्मारामला घेऊनच. आत्मारामच्या मुलीशी त्याला दुसरं लग्न लावायचं होतं, आणि पहिली राजी असल्याशिवाय आत्माराम मुलगी देईना.

"हिनंच सांगितलान," महिपत पडवीत ऐसपैस बसून म्हणाला. "दोन वर्षांमागं, होळीच्या दिवशी. देवळात जाऊन कौल लावलान, देवीनं उजवा दिलान, म्हणजे होकारच. खरं ना गो?"

आपणच आपली सवत मागितली? तुळसाला स्वतःचीच किळस आली. पण आठवतच नाही, तर ‘नाही’ असं तरी कोणत्या तोंडानं म्हणायचं?

"सांगितलंस गो, मी होते ना संगती," गोदानं री ओढली.

होळीच्या दिवशी. तुळसा मनात मोजू लागली. सासऱ्यांचं, आप्पांचं श्राद्ध होळीच्या तीन दिवस आधी येतं. यंदा तिनंच रांधलं होतं, आणि भटजी म्हणाले होते, हे दुसरं. म्हणजे आप्पा गेले ते दोन वर्षांमागंच, आणि त्या होळीला घरात सुतक! सुतकात देवळाची पायरी कोण चढतो?

मोजता मोजता तिची नजर एका जागी खिळली. फिट येतेय असं वाटून गोदा चप्पल घेऊन धावली. तुळसानं ती हिसकावून अंगणात भिरकावली.

"आत्मारामभाऊ, त्या होळीला आप्पांना जाऊन तीन दिवस झाले होते. सुतकात कौल लावतात काय? मुलीला घरीच ठेवा."

आत्माराम पाणीही न पिता उठला आणि चालू पडला.

"आप्पांचं मरण तरी आठवतंय काय तुला?" महिपत खेकसला.

"नाय आठवत. मना फिटा येतात," तुळसा म्हणाली. "बापाचं मरण तुमी कशानं विसरलात?"