लाल फडक्यामागची तारीख

"माणूस खोटं बोलेल, कागद खोटं बोलेल, ओतलेलं लोखंड मात्र कधी खोटं बोलणार नाही."

डेलबर्ट क्लाइनने हे वाक्य अशा काही धीरगंभीर आवाजात उच्चारलं, की तो संसदेच्या पायऱ्यांवर उभा असता तर लोकांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या असत्या. प्रत्यक्षात तो ओहायोतल्या एका गॅरेजात, रॉस्को बकमनच्या मोटारीखाली उताणा पडला होता आणि बराच वेळ त्याला कुशीवर वळता येत नव्हतं.

"म्हणजे कंबर धरली," क्लिफ्टन म्हणाला. क्लिफ्टन जुन्या मोटारींच्या क्लबचा सेक्रेटरी. "पाय धरून ओढू?"

"हात लावू नकोस. मागच्या खेपेला ओढलंस तेव्हा गुडघा गेला माझा."

"मग झोप निवांत. उशी आणू का?"

डेलबर्टला अशा चौकशांची सवय होती. पोस्टात पत्रांची वर्गवारी करण्यात जन्म गेला, आणि निवृत्त झाल्यावर माणसाने मासे पकडावेत, तर हा लोकांच्या मोटारींवरच्या पाट्या वाचत हिंडू लागला. मोटार कारखान्यातून जशी निघाली तशीच आहे, की मधल्या काळात कुणी तिला शहाणी करून सोडली आहे, ते सांगायचं. तपासणीच्या आधी लोक त्याला कॉफी देत. तपासणीनंतर बहुतेक ठिकाणी फाटक दाखवत. एका दंतवैद्याने तर त्याचा फोटो दवाखान्यात लावला होता, आदराने नव्हे.

तो कण्हत, कुरकुरत बाहेर आला आणि बंपरला धरून उभा राहिला. समोर रॉस्कोची लाल मोटार, सत्तर सालची, दोन दारांची, बॉनेटवर दोन रुंद काळे पट्टे. सुरू केली की तीन घरांपलीकडची कुत्री पलंगाखाली जात.

रॉस्को हिवाळ्यात गेला. क्लबने जत्रेच्या मैदानावर नवं दालन बांधलं होतं. तिथे एकच मोटार कायमची उभी करायची, शेजारी पितळी पाटीवर रॉस्कोचं नाव, असं ठरलं होतं. अट एवढीच, की इंजिन जन्माचं, म्हणजे कारखान्यातून मोटारीबरोबरच आलेलं हवं. ही अट रॉस्कोनेच लिहिली होती. क्लबचा मुख्य परीक्षक होता तो. एकदा बॅटरीखालचे चार स्क्रू नंतरचे निघाले म्हणून त्याने डेलबर्टची मोटार मैदानातून बाहेर काढली होती, आणि संध्याकाळी त्याच्याच घरी येऊन दोनदा वाढून घेऊन जेवला होता. डेलबर्टला पाट्या वाचायला शिकवलं तेही त्यानेच.

आता त्याची बायको लुएला घर विकून बहिणीकडे डेटनला निघाली होती. तिथे दोन खोल्या होत्या, गॅरेज नव्हतं. दालनात जागा मिळाली तर रॉस्कोची मोटार छपराखाली राहणार होती आणि त्याचं नावही.

डेलबर्टने बॉनेट उघडलं. आतल्या भिंतीवर पत्र्याची छोटी पाटी. त्याने बोट फिरवत वाचली.

"जानेवारी, तिसरा आठवडा. रंग लाल, गाद्या काळ्या. बरोबर."

"पुढच्या काचेखालचा मोटारीचा नंबर?"

"बरोबर. इंजिनावर पुढे ठोकलेलाही तोच."

"झालं तर मग," क्लिफ्टनने हात झटकले. "पाटीवाल्याला फोन करतो."

"थांब. ठोकलेला नंबर काय, हातोडी आणि ठसे असले की कुणीही ठोकतो. ओतीव तारीख बघायची, लोखंड साच्यात ओतलं त्या दिवसाची. ती इंजिनाच्या मागच्या अंगाला असते."

मागच्या अंगाला लाल फडकं खोचलेलं होतं. रॉस्कोचं ते फडकं अख्ख्या परगण्याला ठाऊक होतं. दर प्रदर्शनात ते तिथेच असायचं. "थोडं तेल गळतं," असं तो म्हणायचा. आणि दुसऱ्याच्या बॉनेटखालच्या वस्तूला बोट लावायचं नाही, हा क्लबचा पहिला नियम. माणसं शेजाऱ्याच्या फ्रिजमध्ये हात घालतील, पण बॉनेटखाली नाही. परीक्षकांनीसुद्धा हात पाठीमागे बांधून बघायचं.

डेलबर्टने फडकं काढलं. टॉर्च आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा आत घातला. वाचलं. अंगठ्याने पुसून पुन्हा वाचलं.

"काय रे?" क्लिफ्टनने विचारलं.

"एप्रिल."

"कसला एप्रिल?"

"मोटार जानेवारीत तयार झाली. इंजिन त्याच सालच्या एप्रिलमध्ये ओतलं."

क्लिफ्टन काही वेळ महिन्यांचा हिशेब करत राहिला. तो मनासारखा जमेना. मग तो हळूच म्हणाला, "फडकं परत खोच."

"क्लिफ्टन."

"अरे, दालनात भोवती दोरी बांधणार आहोत. हात लावणार कोण? नियमच आहे तसा."

डेलबर्ट फडक्याकडे बघत उभा राहिला. स्वच्छ होतं, घडीच्या रेषांसकट. परत खोचायला एक क्षण पुरला असता. कंबर ठणकत होती, घरी जाऊन पडावंसं वाटत होतं. आयुष्यात एकदा तरी "सगळं ठीक आहे" म्हणून कॉफी संपवावी, आणि निघताना कुणीतरी दारापर्यंत यावं, एवढीच त्याची इच्छा होती.

लुएला दोन कप घेऊन आत आली. "तुमची तोंडं का अशी? तिसऱ्यांदा मेला की काय रॉस्को?"

"दुसऱ्यांदा कधी मेला?" क्लिफ्टनने विचारलं.

"तू श्रद्धांजलीचं भाषण केलंस तेव्हा."

डेलबर्टने कप घेतला, पण प्यायला नाही. "लुएला, इंजिन हिचं नाही. ही कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा ते ओतलेलंसुद्धा नव्हतं."

"म्हणजे दालन नाही."

"नाही."

"रॉस्कोला ठाऊक होतं?"

फडकं अजून डेलबर्टच्या हातातच होतं. लुएलाने ते घेतलं आणि सवयीने त्याची घडी घातली.

"दर सोमवारी धुवायचे मी हे," ती म्हणाली. "तेलाचा एक डाग नसायचा. मला वाटायचं, किती नीटनेटका नवरा मिळाला."

क्लिफ्टन उगाच टायर बघत राहिला. या मोटारीत बसताना लुएलाला आजवर बूट काढून हातात धरावे लागत. खाणंपिणं तर दूरच, तोंडात पेपरमिंट असली तरी रॉस्को खिडकी उघडायचा.

तिने चालकाच्या बाजूचं दार उघडलं. बुटांसकट आत बसली. दुसरा कप मांडीवर धरला, मग गुडघ्यांमध्ये, मग गादीवर ठेवून पाहिला. तो कलला, तशी तिने पटकन उचलला.

"हिला मी घेऊन जाते डेटनला. उघड्यावर राहील. आता पाऊस लागला तर कुणाचं काही बिघडत नाही ना?"

"नाही," डेलबर्ट म्हणाला. "कुणाचंच नाही."

"मग तेवढा कप ठेवायला काहीतरी बसवून दे. भोक पाडावं लागलं तरी चालेल."