पोळ्याच्या पहाटेचा फोन

आमचं गाव तापीच्या काठावर, रावेर तालुक्यात. आमच्या घाटावरून नदीच्या वरच्या अंगाला दहा-बारा कोस गेलं की मध्य प्रदेश लागतो, आणि तिथल्या एका लहानशा गावात पितांबर राहतो. घाटाजवळच त्याची पिठाची चक्की आहे. त्याच्या घाटावर आणि आमच्या घाटावर सारखेच दोन दगडी खांब आहेत, दोन्हींवर लाल-पांढऱ्या पट्ट्या आणि फुटांचे आकडे. मी शाळेतून निवृत्त झालो त्या उन्हाळ्यात मुलांना टेम्पोत घालून तिकडे नेलं होतं आणि दोन्ही खांब एकाच मापानं रंगवून घेतले होते.

मोठ्या पुराचा सरकारी इशारा येतोच. पण नदीत बैल धुणाऱ्या किंवा केळीला पाणी देणाऱ्या मोटारी काठावर ठेवणाऱ्या माणसाचं तीन-चार फूट चढलेल्या पाण्यानंही नुकसान होतं. तेवढ्यासाठी आम्ही दोन गावांनी आपली आपण सोय केली. पितांबरच्या खांबावर पाणी चढू लागलं की त्यानं मला फोन करायचा, मी मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून गावाला सांगायचं. त्याच्याकडे चढलेलं पाणी आमच्याकडे पाच तासांनी पोचतं. जोराचं असलं तर चार. हे गणित मी शाळेत अजूनही शिकवायला जातो. मुलांना ते आवडतं, कारण उत्तर खरं निघालं का ते घाटावर जाऊन बघता येतं.

त्या वर्षी श्रावणात मी दोनदा भोंगा वाजवला. दोन्ही वेळा वरचा पाऊस थांबला आणि आमच्याकडे जेमतेम वीतभर पाणी चढलं. लोकांनी मोटारी चिखलातून ओढून वर नेल्या होत्या, त्या परत खाली आणाव्या लागल्या. झुलाल हा आमचा केळीवाला शेतकरी, देवळाच्या भोंग्याची किल्ली आणि गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप दोन्ही त्याच्याकडे. तो चारचौघांत म्हणाला, "गुरुजी, तुमचा पूर येता येता वाटेत बऱ्हाणपूरले उतरून गेला वाटते, जिलबी खायले!" सगळे हसले. मीही हसलो. पण ते मला लागलं होतं.

मग पोळा आला. पहाटे साडेपाचला पितांबरचा फोन आला.

"गुरुजी, खांबावर चार फूट चढलं. अजून चढू राह्यलं. आज पोळा शे ना, बैलं नदीत उतरतीन. सांगून द्या बठ्ठ्यांले."

"सांगतो," मी म्हणालो.

आणि सांगितलं नाही. का, ते नीट लिहितो. आमच्याकडे पोळ्याच्या सकाळी गावातले सगळे बैल घाटावर धुतात. आठ वाजता उतरतात, दहापर्यंत आटोपतं. मग शिंगं रंगवणं, झूल, बाशिंग आणि पुरणपोळीचा घास. वर्षातून एक दिवस बैलांचा. मी हिशेब केला, साडेपाच आणि पाच, साडेदहा. तोवर सगळे वर आलेले असतील. उगाच सणाच्या दिवशी भोंगा वाजवून पुन्हा हसं कशाला करून घ्यायचं? मी स्वतः घाटावर जाऊन उभा राहीन, दहाला सगळ्यांना वर काढीन. असं ठरवून मी अंघोळीला गेलो. जोराचं पाणी चार तासांत येतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

घाटावर चाळीस-पन्नास बैल होते. डफ वाजत होते. जीवराम त्याची जोडी घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. त्यातल्या हरण्या बैलाची पाठ गवताच्या बोळ्यानं घासत तो मला ओरडून म्हणाला, "गुरुजी, या ना पाण्यात! तुम्हाले बी घासून देतो!"

"मला रंगवून मिरवणार असशील तर येतो," मी म्हणालो.

सव्वानऊला पाण्याचा रंग बदलला. आधी काड्या आल्या, मग फेस. मी ओरडलो, पण डफांत माझा आवाज कुणाला ऐकू जाणार? साडेनऊला खांबावरचा दुसरा आकडा बुडाला, आणि बघता बघता तिसरा. लोकांनी बैल ओढून काढले. जीवरामचा एक बैल निघाला. हरण्याचे पाय सुटले. जीवरामनं कासऱ्याचा वेढा हाताला घेतला होता, त्यामुळे बैलाबरोबर तोही ओढला गेला. पुढच्या बाभळीपाशी दोघातिघांनी त्याला धरलं. कासरा कापला तेव्हा हात कोपरातून उलटा झालेला होता. हरण्या गेला. तिसऱ्या दिवशी तो खालच्या गावाच्या गाळात सापडला.

त्या दिवशी गावात पोळा फुटला नाही. संध्याकाळी माणसं देवळाच्या ओट्यावर बसली होती. झुलालनं मला विचारलं, "गुरुजी, वरून फोन नव्हता का आला?"

"आला असता तर सांगितलं नसतं का?" मी म्हणालो.

शाळेत एखाद्या मुलानं गृहपाठाबद्दल असं उत्तर दिलं असतं, तर मी त्याला जवळ बोलावून शांतपणे म्हटलं असतं, प्रश्नाला प्रश्न नको, आला की नाही आला तेवढं सांग. मला तिथे कुणीच तसं म्हणालं नाही. गुरुजी म्हणतायत म्हणजे खरंच असणार, असं सगळ्यांनी धरलं.

"त्या वरच्यांले आपलं काय पडेल शे?" झुलाल म्हणाला. "त्यायचं पाणी गेलं, त्यायचं काम झालं. काढतो त्याले ग्रुपमधून." त्यानं तिथेच फोन काढला आणि पितांबरला काढून टाकलं. मी बघत होतो.

दुसऱ्या दिवशी पितांबरचा फोन आला.

"गुरुजी, मले काढलं का हो ग्रुपमधून? काही चुकलं का माह्यं?"

"झुलालच्या हातून झालं असेल," मी म्हणालो.

"बैल गेला म्हणतात एक. म्या तर साडेपाचलेच सांगितलं होतं ना तुम्हाले?"

"हो."

"मंग?"

मी म्हणालो, "रेंज नाहीये इथे," आणि फोन ठेवला. तो त्यानंतर दोनदा वाजला. मी उचलला नाही.

जीवराम आठ दिवस भुसावळच्या दवाखान्यात होता. मी दोनदा गेलो, केळी आणि बिस्किटं घेऊन. तो घरी आल्यावरही जायचो. त्याची बायको धुरपदाबाई मला पाट द्यायची, चहा द्यायची. "तुम्ही कायले रोज येता एवढ्या उन्हात, गुरुजी? तुमच्यासारखं कोनी नाही पाहा," असं म्हणायची. मग हाताची बोटं कडाकडा मोडून नदीच्या वरच्या अंगाला, पितांबरच्या गावाकडे बघायची. "त्याचं बी असंच व्हवो! एक फोन नाही झाला मेल्याच्यानं?" तिचा चहा गोड असायचा. मी तो पूर्ण प्यायचो, कारण अर्धा ठेवला तर ती का म्हणून विचारेल.

हात सरळ होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जीवराम डाव्या हातानं जेवायला शिकत होता.

भाद्रपद निम्मा झाला होता, पाऊस अजून होता. मी उचलत नव्हतो, म्हणून वरून फोन येणंही बंद झालेलं. एका सकाळी पाणी दीड फूट चढलं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. काठावरच्या दोन मोटारी बुडाल्या. माणसं होती ती पळाली. मी मनाशी म्हटलं, आता सांगायलाच हवं, आज सांगतो. आणि तो दिवसही गेला.

त्या आठवड्यातच पितांबर आला. मी जीवरामकडे बसलो होतो, तेव्हा दारात मोटारसायकल थांबली. बुटका, साठीचा माणूस, पायजम्यावर वाळलेला चिखल. दारातूनच त्यानं हात जोडले. "जीवरामभाऊ, मी पितांबर. वरच्या घाटाचा."

धुरपदाबाई चुलीपासून उठून दारात आली. "आता आला का तू? आता कायले आला?"

"अक्का, ऐकून तर घ्या."

"काय ऐकू? माह्या बैल गेला, घरधन्याचा हात गेला. तुले एक फोन जड झाला व्हता?"

पितांबरनं माझ्याकडे पाहिलं. मी वर पाहिलं नाही. त्याला वाटलं असतं तर तो तेव्हाच सगळं बोलून मोकळा झाला असता. तो खाली ओट्यावर बसला आणि हळूच म्हणाला, "माह्यं चुकलंच, अक्का. चक्की सुरू व्हती. आवाजात गुरुजींले नीट ऐकू नसन गेलं. म्या दुसऱ्यांदा लावाले पाहिजे व्हता फोन. बाहेर येऊन लावाले पाहिजे व्हता. पंधरा दिवस झोप नाही मले."

त्या पहाटे चक्की सुरू नव्हती. मला आठवत होतं, त्याच्या मागे फक्त पाऊस ऐकू येत होता. त्यानं माझ्यासाठी ती चक्की सुरू केली होती.

"चक्की सुरू नव्हती," मी म्हणालो.

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं.

"मला सगळं नीट ऐकू आलं होतं. साडेपाच वाजले होते. चार फूट चढलं, अजून चढतंय, बैल उतरतील, सगळ्यांना सांगा. एवढं सगळं तो बोलला. मी सांगतो म्हणालो, आणि सांगितलं नाही. मला वाटलं दहापर्यंत वेळ आहे. लोक पुन्हा हसतील असं वाटलं. आणि संध्याकाळी ओट्यावर मी खोटं बोललो."

जीवरामनं डाव्या हातातली वाटी खाली ठेवली. ठेवताना थोडं वरण सांडलं, ते त्यानं बोटानं पुसलं. मग म्हणाला, "तुम्ही घाटावर व्हते, गुरुजी. म्या तुम्हाले पाण्यात बलावलं."

"हो."

"तुम्हाले माहीत व्हतं, तव्हा?"

"हो."

मी हात जोडून म्हणालो, "धुरपदाबाई, मी..."

"मले नका सांगू," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच जास्त जड होतं. "इतले दिवस माह्या हातचा च्या पिला तुम्ही. मी ह्या मानसाले शिव्या देऊ राह्यली आन् तुम्ही आयकू राह्यले. अढी घरात, चार भिंतीत सांगून काय उपेग? ज्या ओट्यावर खोटं बोलले, तढी जाऊन सांगा." मग ती पितांबरकडे वळली. "भाऊ, आत या. जेवून जा. लांबून आले."

मी उठलो. मला कुणी बस म्हणालं नाही.

देवळाची किल्ली झुलालकडे होती. तो केळीच्या पानांचा भारा सायकलवर बांधत होता. "कायले पाहिजे? फोन तर बंद झाला वरचा," तो म्हणाला.

"तोच सांगायचाय."

दुपारची वेळ होती. भोंगा सुरू केला की आधी थोडी खरखर होते, तेवढ्यात लोक कान देतात. मी म्हणालो, "मी अमृत गुरुजी बोलतोय. पोळ्याच्या दिवशी पहाटे साडेपाचला पितांबरचा फोन आला होता." पुढचं सगळं सांगितलं. चार फूट सांगितलं, अंघोळ सांगितली, ओट्यावरचं माझं उत्तर सांगितलं. मुलांना धडा सांगावा तसं हळू सांगितलं, म्हणजे कुणाकडूनही एकही वाक्य सुटू नये. शेवटी म्हणालो, उद्यापासून वरचा फोन कुणाकडे येईल ते गावानं ठरवावं, माझ्याकडे नको.

बटण बंद करून वळलो तर झुलाल उंबऱ्यात उभा होता. त्याच्या अंगाला केळीचा चीक लागलेला होता.

"मी हसलो म्हनून?" तो म्हणाला.

"नाही रे. हसणारा तू होतास, पण गप्प मी बसलो."

तो ओट्यावर बसला आणि फोन काढला. पितांबरचा नंबर शोधून त्यानं तो परत ग्रुपमध्ये घातला. जाड अंगठ्यानं टाइप करायला त्याला वेळ लागत होता. त्यानं लिहिलं, 'पितांबरभाऊ माफी. पुढचा फोन धुरपदाकाकूंच्या नंबरवर लावजो, मी काकूंले इचारून घेतो.' मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमचं काय करू?"

"काढ मला," मी म्हणालो. "काढायलाच हवं."

"नाही." त्यानं फोन खिशात टाकला. "तुम्ही राहा. आता लोकं काय लिहितीन ते बठ्ठं वाचा."

मी घरी आलो. फोन समोर ठेवून बसलो. चार वाजल्यापासून संदेश येऊ लागले. कुणी दोन शब्द लिहिले, कुणी पानभर. माझ्या हाताखाली शिकलेल्यांनीही लिहिलं, काहींनी आदरार्थी बहुवचन सोडून लिहिलं. एकानं विचारलं होतं की मग आम्हाला कशाला शिकवलं. मी एकही गाळला नाही. अंधार पडेपर्यंत वाचत राहिलो.

जीवरामच्या घरातून काहीच आलं नाही.