चौथं चाक पोर्तोत राहिलं

मित्रांनो, मी एक जुनी चाकाची बॅग आहे. मला चार चाकं होती, सध्या तीन आहेत. चौथं पोर्तुगालमधल्या पोर्तो गावात आहे, आणि माझ्या माहितीप्रमाणे नदीत आहे. त्याबद्दल मला फारसं काही वाटत नाही. माझं कवच कडक प्लास्टिकचं आहे आणि कडक प्लास्टिकला सहसा काही वाटत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. कारखाना कुठल्या देशातला, ते आतल्या कापडी चिठ्ठीवर छापलेलं होतं. ती चिठ्ठी विनीताबाईंनी पहिल्याच दिवशी कापून टाकली. म्हणाल्या, टोचते. कोणाला टोचत होती, देव जाणे.

या विनीताबाई न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या. थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये त्यांनी मला चार जणींच्या हातांतून ओढून घेतलं. इतकी मागणी मला त्याआधी नव्हती आणि त्यानंतरही आली नाही. घरी नेऊन त्यांनी माझ्या मुठीला हिरव्या खणाची पट्टी बांधली. जुन्या ब्लाउजचा तुकडा होता तो. विमानतळाच्या पट्ट्यावर सगळ्या बॅगा सारख्याच दिसतात, पण खणाची बॅग एकच असते, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचे यजमान शैलेंद्र. एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरची सुरक्षा बघतात. त्यांनी पट्टीकडे पाहिलंही नाही, पाहिलं ते माझ्या तीन आकडी कुलपाकडे.

"विनीता, फॅक्टरीतून आलेला नंबर ठेवायचा नाही. जगातले निम्मे घोटाळे त्यानंच होतात."

"बरं."

"बदललास का?"

"बदलला," विनीताबाई म्हणाल्या. त्या वेळी त्या कणीक मळत होत्या.

मित्रांनो, पुढची वर्षं कष्टाची गेली, पण मानाची गेली. दर दोन वर्षांनी मी पुण्याला जाई. निघण्याआधी माझं वजन होई. शैलेंद्र मला कडेवर घेऊन बाथरूममधल्या काट्यावर उभे राहत, आणि त्यांची लेक नीना खाली वाकून आकडा वाचे. त्यातून शैलेंद्र स्वतःचं वजन वजा करत. ते मात्र लग्नाच्या वेळचं धरत. त्यामुळे विमानतळावर मी दर वेळी हलकी निघे आणि विनीताबाई दर वेळी तेच म्हणत, "बघ, अजून बदाम बसले असते." प्रवास संपला की मी तळघरात. माझ्या पोटात मधली बॅग, तिच्या पोटात धाकटी. आमच्यात बोलणं फारसं नसे.

यंदा वसंताच्या सुट्टीत पोर्तोला जायचं विनीताबाईंनीच ठरवलं. आयुष्यात एकदा तरी युरोप बघायचा आणि तोही स्वस्तात, हा त्यांचा हट्ट. तिकिटं स्वस्त मिळाली. स्वस्त म्हणजे रद्द न होणारी. प्रवास पुष्कळ लांब असतानाच त्यांनी मला भरलं, कुलूप लावलं, आकडे फिरवले आणि पाहुण्यांच्या खोलीत उभं केलं. इतक्या आधी बॅग भरणारी बाई अख्ख्या पार्सिपनीत दुसरी नसेल.

मग एका मंगळवारी त्या दूध आणायला गेल्या आणि दुकानातच पडल्या. डोक्यात रक्तस्राव झाला होता. दवाखान्यातून शैलेंद्र एकटे परत आले.

घरात माणसं येत होती, डबे येत होते. मी खोलीत उभी होते. कोणी मला हात लावला नाही. पाहुणे कोट काढून माझ्यावर टाकत, जाताना उचलत.

पुढे शैलेंद्रनी विमान कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई अतिशय नम्र होती. ज्या गेल्या त्यांचे पैसे दाखला पाठवल्यावर परत मिळतील, म्हणाली. जे आहेत त्यांचे मिळणार नाहीत.

"मग जाऊ," शैलेंद्र म्हणाले.

शेजारच्या रेणू मावशी डबा घेऊन आल्या होत्या. "अहो, काहीतरीच काय! महिना नाही झाला अजून."

"तिकिटं रिफंडेबल नाहीत, रेणू."

हे मावशींना लगेच पटलं. त्याही पुण्याच्याच.

निघताना नीनानं विचारलं, "बाबा, आपण पॅक काय करायचं?"

"काही नाही. आईनं भरलीये बॅग."

"कोड माहितीये ना?"

"माहितीये की. माझा वाढदिवस असणार."

हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मला नंबर ठाऊक होता. पण बॅगेला तोंड असलं तरी ते बोलण्यासाठी नसतं.

पोर्तोत उतरलो. नीनाच्या फोनमधला नकाशा म्हणाला, भाड्यानं घेतलेलं घर स्टेशनापासून दहा मिनिटांवर. ते खरंच होतं. फक्त ती दहा मिनिटं उभी होती. नकाशात पायऱ्या सपाट दिसतात, मित्रांनो. रस्ता नदीकडे उतरत होता, दगडी होता, आणि प्रत्येक दगड वेगळ्या उंचीचा. शैलेंद्र मला ओढत होते. मागे वळून बघत नव्हते. तिसऱ्या वळणावर माझं चाक सुटलं आणि पायऱ्या उतरत नदीच्या दिशेनं गेलं.

"बाबा! व्हील! व्हील गेलं!"

शैलेंद्रनी चाकाकडे पाहिलं. एखाद्याची बस चुकावी आणि त्यानं ती जाताना पाहावी, तसं. "जाऊ दे," म्हणाले आणि मला उचलून डोक्यावर घेतलं.

घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्याच्या दाराला किल्ली लागेना. शैलेंद्र किल्ली उलटी करून बघतायत, नीना घरमालकाला फोन लावतीये, तेवढ्यात दार आतून उघडलं आणि काळ्या स्वेटरमधल्या एका म्हातारीनं दोघांना पोर्तुगीजमध्ये भरपूर सुनावलं. शेवटी तिनं बोटानं वर दाखवलं. तिथले लोक तळमजला मोजत नाहीत. पुण्यातही मोजत नाहीत. पण पार्सिपनीत इतकी वर्षं काढल्यावर जमिनीलाच पहिला मजला म्हणायची सवय लागते. आपण मूळचे कसे मोजायचो, हेच शैलेंद्र विसरले होते.

एकदाचे आत गेलो. खोली थंडगार. हीटर होता, तो चालू होत नव्हता. स्वेटर माझ्यात. फोनचं चार्जिंग संपलेलं, चार्जर माझ्यात. शैलेंद्रनी मला कॉटवर आडवं केलं आणि वाढदिवस लावला. आधी अमेरिकन पद्धतीनं, महिना पुढे. मग आपल्या पद्धतीनं, तारीख पुढे. मी उघडले नाही.

"माझा ट्राय करा," नीना म्हणाली. तिचा नाही. लग्नाचा नाही. पार्सिपनीतल्या घराचा नंबर नाही. विनीताबाईंच्या माहेरच्या फोनचे शेवटचे आकडे नाहीत. दर वेळी शैलेंद्र आकडे लावत, खटका दाबत आणि थोडं थांबत. थांबणं दर वेळी जास्त लांबत होतं.

"मला वाटलं होतं, मला माहीत असेल," ते म्हणाले.

"बाबा, इट्स अ लॉक. इट्स नॉट अ टेस्ट."

शैलेंद्रनी पुन्हा वाढदिवस लावला.

नीना खाली गेली आणि त्याच म्हातारीला घेऊन वर आली. म्हातारीच्या हातात भला मोठा स्क्रूड्रायव्हर. ती सरळ माझ्यापाशी आली, त्याचं टोक माझ्या कुलपाखाली घातलं आणि बाह्या सावरल्या.

"नो!" शैलेंद्र ओरडले. त्या मंगळवारनंतर त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "नो ब्रेकिंग."

"बाबा, मला थंडी वाजतीये! नवीन बॅग घेऊ ना, यार!"

"नीना, हे तिनं लावलंय. शेवटचं. मी नाही तोडू देणार."

म्हातारीला मराठी येत नव्हतं. तिनं शैलेंद्रच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या मुठीवरच्या खणाकडे. स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि खुर्चीत बसली. जायला मात्र तयार नव्हती.

"तीन आकडे," शैलेंद्र म्हणाले. "म्हणजे हजार शक्यता. ओळीनं जायचं. लागेल वेळ, पण होईल." त्यांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या हाताला काम मिळालं होतं. हजारच्या हजार करायची त्यांची तयारी होती; मला तर वाटतं, त्यांना ते हवंच होतं.

त्यांनी तिन्ही आकडे शून्यावर आणले. फक्त सुरुवात म्हणून. खटकाही सहजच दाबला.

मी उघडले.

नीना म्हणाली, "डिफॉल्ट? आईनं डिफॉल्ट ठेवला?"

"फॅक्टरीचाच. मला म्हणाली होती, बदललाय."

"शी लाइड टू यू. इतकी वर्षं!"

"हो," शैलेंद्र म्हणाले. "कणीक मळत होती तेव्हा." आणि ते हसले. हसू फार वेळ टिकलं नाही. नंतर जे झालं त्यासाठी त्यांनी माझं झाकण पुढ्यात ओढून घेतलं होतं, त्यामुळे ते फक्त मी पाहिलं. माझं अस्तर बराच वेळ ओलं होतं.

सगळ्यात वर शैलेंद्रचा स्वेटर होता. खाली नीनाचा. मग चार्जर, तांदूळ, मेतकूट, तुपाची बाटली मोज्यात घालून. तळाशी चालायच्या बुटांचे तीन नवे जोड. पायऱ्यांचं गाव आहे, हे घरात एकीलाच माहीत होतं.

त्या दिवशी मऊ भात झाला. म्हातारीनं मेतकूट बोटानं चाखलं, तोंड वाकडं केलं आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. पुढचे दिवस नीना स्वतःचे सोडून आईचे बूट घालून गाव चढली-उतरली. ते तिला थोडे सैल होते.

मित्रांनो, आता मी पुन्हा तळघरात आहे. तीन चाकांवर उभं राहता येत नाही, म्हणून भिंतीला टेकून असते. नीनानं मला टाकून द्यायचं सुचवलं होतं. शैलेंद्र दिवसभर लोकांना फॅक्टरीतला नंबर बदलायला सांगतात. कधी संध्याकाळी खाली येतात, माझे आकडे उगाच इकडेतिकडे फिरवतात, परत तीन शून्यांवर आणतात, खटका दाबतात. मी उघडते. आत काही नसतं, त्यांना ठाऊक आहे. झाकण लावून वर जातात.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. बॅगेची चाकं सांभाळा, दगडी रस्त्यावर तिला ओढू नका, उचला. आणि कुलपाचा नंबर घरात कोणाला तरी सांगून ठेवा. सांगायचा राहूनच गेला, तर निदान सोपा असू द्या. मागं राहिलेल्या माणसाला पहिल्याच खटक्याला कुलूप उघडलं, तर त्यालाही बरं वाटतं.

मला विचाराल, तर काही वाटत नाही. फक्त खणाची पट्टी थोडी सैल झाली आहे. कोणी खाली आलंच, तर तेवढी घट्ट बांधा.