पंचेचाळिसाव्या दिवसाचं फूल

माझ्या ताईनं लग्नाची तारीख गुलाबाच्या झाडाला विचारून ठरवली. गिऱ्हाइकांना हे सांगितलं की त्यांना वाटायचं, हा नेहमीसारखा फेकतोय. पण या वेळी मी एक अक्षरही पदरचं घातलेलं नाही.

रविवारची सकाळ होती. त्रेपन्न वर्षांची माझी बहीण छाटणीची कात्री घेऊन दुकानाच्या पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, "आज छाटलं की झाड पंचेचाळीस दिवसांनी फुलेल. नोंदणी कार्यालयात मी त्याच दिवसाची तारीख घेतलीय. घड्याळवाल्यांशी लग्न करतेय मी."

माझ्या हातात वस्तरा होता आणि वस्तऱ्याखाली पोस्टमनचा गाल. तो गाल शाबूत राहिला हे पोस्टमनचं नशीब.

घड्याळवाले म्हणजे कोपऱ्यावरच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानातले. डोळ्याला भिंग लावून बसतात आणि दिवसभरात दहा वाक्यं बोलतात. मला ते कधी आवडले नव्हते, कारण ते माझ्याकडे केस कापायला येत नसत. त्या सकाळपर्यंत ताईचा आणि त्यांचा काही संबंध असेल हे मला स्वप्नातही आलं नव्हतं. आईवडील गेले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो आणि ताई चोवीसची. तिनं पुस्तकबांधणीच्या कारखान्यात खळ लावून लावून मला वाढवलं, दुकान थाटून दिलं. मागच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं, पुढच्या खोलीत माझ्या दोन खुर्च्या आणि एक आरसा. पायरी आणि फाटक यांच्यामधल्या चार हात मातीत तिचा गुलाब. जर्दाळूच्या रंगाचा, कमरेइतका, वर्षातून पाच-सहा वेळा बहरणारा. फूल कोमेजलं की ती लगेच कापायची. "तसंच ठेवलं तर झाडाला वाटतं, आपलं काम झालं. कापलं की पुन्हा कामाला लागतं," असं म्हणायची.

"हार नको, बँड नको, काही नको," ती म्हणाली. "सही करायची आणि केसात आपल्या झाडाचं एक फूल. बस्स."

मला एकदम भरून आलं, आणि भरून आलं की मी जास्त बोलतो. "ताई, ते फूल मी देणार! आजपासून झाड माझ्याकडे. तू हातसुद्धा लावायचा नाहीस. आयुष्यात तुला एक गोष्ट मी दिली, असं होऊ दे की!"

पंचवीस वर्षं मी या धंद्यात आहे, पण ताईनं स्वतःच्या केसांची टोकंसुद्धा मला कधी कापू दिली नव्हती. "तुझं तोंड सुटलं की हात मोकाट सुटतो," हे तिचं ठरलेलं वाक्य. ते मला फार लागायचं. पण त्या दिवशी तिनं कात्री माझ्या हातात दिली. कुठे कापायचं ते दाखवलं: पाच पानांच्या देठाच्या जरा वर, बाहेर बघणाऱ्या डोळ्यावर, म्हणजे कोंब फुटतो त्या गाठीवर, तिरकं. मी तोंड मिटून बावीस काप घेतले. एकही चुकला नाही.

मग काय दिवस गेले म्हणून सांगू! दहाव्या दिवशी प्रत्येक डोळ्यातून लालबुंद कोंब फुटला. मी गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडून बघायला धावायचो. विसाव्या दिवशी पानं हिरवी झाली, तिसाव्या दिवशी शेंड्यांवर मोहरीएवढ्या कळ्या दिसल्या आणि मी रस्त्यात उभा राहून ओरडलो. छत्तिसाव्या दिवशी कळ्या हरभऱ्याएवढ्या होत्या आणि अकरा होत्या. एक लागणार होती, अकरा आल्या होत्या! माझे पाय जमिनीवर ठरेनात.

त्याच छत्तिसाव्या दिवशी पोस्टमननं फाटकात सायकल उभी करून विचारलं, "काय, कुठवर आलं लग्न?"

झालं! एक पिवळं पान काढायला म्हणून माझ्या हातात कात्री होती. मी सुरू झालो. छाटणी कशी केली, कोंब कसे फुटले, हा हात म्हणजे काय हात आहे. बोलता बोलता एक फांदी जरा वर आलेली दिसली. पंचवीस वर्षांची सवय. वर आलेलं दिसलं की हात आपोआप जातो. ती घेतली. मग दुसरी बाजू उंच वाटू लागली. तीही घेतली. मग मागून थोडं.

"अहो," पोस्टमन म्हणाला, "हे काय करताय?"

मी खाली पाहिलं. झाड कसं छान गोल, सारखं झालं होतं. रविवारी कापून घेतलेल्या डोक्यासारखं. आणि अकराच्या अकरा कळ्या मातीत पडल्या होत्या, कारण गुलाबाच्या कळ्या शेंड्यालाच असतात.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. कळ्या उचलून पेल्यात ठेवल्या. तासाभरात त्यांनी माना टाकल्या. मग घाबरून त्या केरात लोटल्या आणि दुकानाचे ओले टॉवेल झाडावर पसरून टाकले. संध्याकाळी ताई कामावरून आली.

"टॉवेल झाडावर का रे?"

"कीड पडू नये म्हणून," मी म्हणालो. इतकी भिकार थाप मी जन्मात मारली नव्हती. ताई "बरं" म्हणून आत गेली.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी ठरवलं, सरळ घड्याळवाल्यांचे पाय धरायचे आणि तारीख पुढे ढकलायला सांगायचं. ताईला सांगण्याची छाती नव्हती. त्यांच्या खोलीवर मी कधी गेलो नव्हतो. तीन जिने चढून धापा टाकत दार वाजवलं. त्यांनी दार उघडलं, मी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

खिडकीत तेलाच्या रिकाम्या डब्यात गुलाब होता. आमचाच. तीच पानं, तोच तांबूस देठ आणि शेंड्यांवर तीन कळ्या, हरभऱ्याएवढ्या!

"हा... हा कुठून आला?"

"तुमच्या ताईंनी फांदी दिली होती," ते म्हणाले. "तीन वर्षं झाली. त्या तिकडे छाटतात त्या दिवशी मी इकडे छाटतो."

"तीन वर्षं?" मी मटकन स्टुलावर बसलो. "मग इतके दिवस लग्न का नाही केलंत?"

त्यांनी भिंग पुसलं. माझ्याकडे न बघता बोलू लागले, आणि बहुधा दहापेक्षा जास्त वाक्यं बोलले. "त्या म्हणायच्या, भावाला स्वतःचं बघता येत नाही. त्याचं काय होईल? मी म्हणालो, थांबू. मग मध्यंतरी त्या कामासाठी आठवडाभर परगावी गेल्या होत्या ना? परत आल्या तर तुम्ही घर झाडलेलं, कपडे धुतलेले. आणि झाडाला पाणी घातलेलं. न सांगता. त्या तशाच इथे आल्या आणि म्हणाल्या, झाड जिवंत आहे. आता करू या लग्न."

मी त्या आठवड्यात झाडाला दाढीचं उरलेलं पाणी ओतलं होतं. पण ओतलं होतं, रोज ओतलं होतं. तिच्या लग्नाचा होकार माझ्या त्या मगभर पाण्यावर अडला होता, आणि मी काय केलं होतं! मला रडू फुटलं. एक्केचाळीस वर्षांचा माणूस परक्या घरात स्टुलावर बसून हमसून हमसून रडला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग डबा माझ्याकडे वळवला. "यातलं एक तुमचं. मी काही बोलणार नाही. तसाही मी बोलत नाहीच."

"भावोजी," मी म्हणालो. पहिल्यांदाच.

पंचेचाळिसाव्या दिवशी उजाडताच मी पुन्हा ते तीन जिने चढलो. दोन कळ्या अजून मिटलेल्या होत्या. तिसरी उमलली होती, आतून पिवळसर, कडेला गुलाबी. पाच पानांच्या देठाच्या वर, तिरका, एकच काप. भावोजी बाजूला उभे होते. मी श्वाससुद्धा जपून घेतला.

घरी आलो तर टॉवेल घडी करून पायरीवर ठेवलेले आणि ताई झाडाजवळ उभी. उघड्या बोडक्या झाडावर प्रत्येक डोळ्यातून लाल कोंब डोकावत होता.

"ताई, मी..."

"मला त्याच संध्याकाळी कळलं. केराच्या डब्यात केसांमध्ये अकरा कळ्या होत्या."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, बघू, हा काय करतो." तिनं माझ्या हातातलं फूल घेतलं, वास घेतला आणि मग उलटं धरून देठाचा काप नीट पाहिला, बांधलेल्या पुस्तकाची शिवण तपासावी तसा. ते कुठून आलं हे तिनं विचारलं नाही. "कापताना बोललास?"

"नाही."

"एक शब्दही?"

मी मान हलवली.

ताई दुकानात गेली. आरशासमोरच्या खुर्चीत बसली, अंबाडा सोडला आणि केस पाठीवर मोकळे केले. "कार्यालय अकराला उघडतं. टोकं सारखी कर आणि मग फूल माळ. चल, लवकर!"

पंचवीस वर्षं वाट पाहिलेलं डोकं माझ्या हातांत होतं. त्या अर्ध्या तासात मी तोंडातून ब्र काढला नाही. बोलत होती ती ताईच, न थांबता: कोंब किती जोमदार आहेत, आता खत कधी घालायचं, आणि आजपासून पस्तीस-चाळीस दिवसांनी झाड पुन्हा फुललं की मी तिला आणि भावोजींना जेवायला बोलवायचं, विसरायचं नाही.