भुयारातली करुणा

“मने, एकटीनं भुयारात उतरायची सवय लावून घेऊ नको. मग दुसरं माणूस लागतच नाय,” करुणा म्हणाली होती. त्यावर मनस्विनी हसून म्हणाली, “गप गं, मोठी आली किल्लेदारीण!” हॉस्टेलच्या पलंगावर मी दोघींच्या मध्येच पडलो होतो, म्हणून मला दोन्ही वाक्ये आठवतात.

मित्रांनो, मी एक जुना खोडरबर आहे. आता चिंचोक्याएवढा उरलो आहे आणि मी एकेकाळी पांढरा होतो हे सांगावे लागते. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या अंगात निळे कागदी जाकीट होते. औरंगपुऱ्यातल्या एका दुकानातून करुणाने मला घेतले आणि त्याच संध्याकाळी ब्लेडने माझे दोन तुकडे केले. एक तिला, एक मनस्विनीला; मी तो मनस्विनीकडचा. तसे दुखले नाही. पण तेव्हापासून माझी एक बाजू उघडी उघडी वाटते.

त्या दोघींचा खेळ सांगतो. चौकटीची वही, पेन्सिल आणि ल्युडोचा फासा, एवढेच सामान. फासा टाकायचा आणि जमिनीखालच्या भुयारातली एकेक खोली वहीत काढत जायची. आकडा सांगेल तसे दारामागे कधी काहीच नसते, कधी खजिना असतो, कधी राक्षस. प्रत्येकीला दहा जीव. राक्षसाचा घाव बसला की जुना आकडा खोडायचा आणि कमी झालेला लिहायचा. ते खोडायचे काम माझे. “ह्याच्यासारखा रबर नाही, डाग म्हणून सोडत नाही,” असे माझे कौतुक व्हायचे आणि मी फुगायचो.

करुणा दौलताबादची. किल्ल्याच्या पायथ्याशी तिच्या आईची फळांची गाडी असे, पेरू आणि सीताफळांची. किल्ल्यातली अंधारी, शत्रूला चकवणारी ती काळोखी भुयारी वाट, म्हणजे करुणाचे अंगणच. त्यामुळे तिचे भुयार साधे नसायचे. “हितं पायरीच नाय, मने. दुश्मन हितंच पडतंय,” असे सांगून ती मनस्विनीला अलगद खड्ड्यात घालायची. मग “मेले, मेले!” असा ओरडा, आणि शेजारच्या खोलीतून भिंतीवर थापा.

कॉलेज संपले. करुणा घरी गेली, मनस्विनी लग्न होऊन शहरातच, गारखेड्यात आली. दोघींत अंतर किती? स्कूटरवर तासाभराचेसुद्धा नाही. पण केयूर झाला आणि मनस्विनीचे जग त्याच्या पाळण्याएवढे झाले. तो झोपला की ती त्याच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघायची. मिनिटभराने पुन्हा बघायची. नवरा वाळूजच्या कारखान्यात शिफ्टला, सासूबाई सरूबाई दुपारी पडलेल्या. करुणाला फोन करावा असे तिला रोज वाटे. पण बोललो तर बाळ उठेल, किंवा आता ती गाडीवर असेल, गिऱ्हाईक असेल, असे म्हणत फोन बाजूला राही आणि वही उघडली जाई.

फाशाचा आवाज होऊ नये म्हणून ती तो घडी घातलेल्या दुपट्यावर टाकायची. पानाच्या वर दोन नावे लिहायची : मनू आणि करुणा. दोघींचे डाव ती एकटीच खेळायची. प्रत्येक दारात आपण पुढे, करुणा मागे. औषध सापडले की आधी करुणाला. “थांब गं, पट्टी बांधते,” असे ती ओठातल्या ओठात म्हणे. एकदा फाशाने करुणाला मारूनच टाकले. बघणारे कोणी नव्हते. मनस्विनीने ती अख्खी खोली राक्षसासकट माझ्याकडून पुसून घेतली. करुणाच्या नावापुढचा कागद घासून घासून विरला, शेवटी भोक पडले. तिथे तिने मागून ठिगळ चिकटवले आणि खेळ पुढे चालू ठेवला.

एका दुपारी सरूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. सहज म्हणाल्या, “बारशाला सीताफळं घेऊन आलेली ती तुझी मैत्रीण गं, बरी आहे का?”

“बरी आहे,” मनस्विनी वहीतून मान वर न करता म्हणाली. “परवा जरा लागलं होतं तिला. आता सहा आहेत.”

“सहा टाके? अगं बाई! आणि तू इथं चित्रं काढत बसलीस? कधी भेटलीस तिला?”

मनस्विनी बोटांवर महिने मोजू लागली. भेट झाली होती ती बारशालाच. केयूर आता पाळण्याची दांडी धरून उभा राहायला लागला होता.

तिने तिथेच फोन लावला. बराच वेळ वाजला.

“कोण बोलतंय?”

“मी मनू.”

“मने? व्हय? फोन नवा हाय गं, नंबर समदे गेले.” मग एका दमात म्हणाली, “आई गेली माझी. पेरूचा बहर धरला तवा.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तुझं लेकरू बारकं. तू आधीच घाबरट. म्हटलं, कशाला.”

“जेवतेस का गं?”

“गाडी बंदच हाय. एकटीसाठी चूल पेटवू वाटत नाय.”

ज्या दिवसांत तिची आई गेली, त्याच दिवसांत वहीत दोघींना मोठा खजिना सापडला होता. “करुणे, लागलं बघ हाताला!” म्हणून मनस्विनी एकटीच हसली होती. मी तिथेच होतो.

सरूबाईंनी मेथी तशीच सोडली. “भाकरी टाकते. डबा घे आणि निघ. केयूर माझ्याकडं राहील.”

“आई, तो राहील ना? रडला तर?”

“रडला तर रडेल. तिला रडायला तरी कोण आहे जवळ?”

मनस्विनीची स्कूटर गेली त्याला आता बराच वेळ झाला. वही उघडीच आहे, मी तिच्यावर पडून आहे, आणि आतल्या खोलीत केयूर खरेच रडतो आहे. मित्रांनो, चुकलेली रेघ मी पुसू शकतो. न विचारता गेलेले महिने माझ्याने पुसले जात नाहीत. मला नीट डबीत ठेवा, उन्हात टाकू नका, हे शेवटी मी सांगायला हवे. पण आज ते राहू द्या. करुणाकडे मनस्विनी पोचेल. तुमच्याही तोंडी कोणाबद्दल तरी “बरी आहे” असे पटकन येत असेल. हे तिने स्वतः तुम्हाला शेवटचे कधी सांगितले? आठवत नसेल तर आत्ताच फोन लावा. फार बोलू नका. जेवलीस का, एवढे विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.